नाव घेतल्याशिवाय कविता पुरी होत नाही

मुलांना घरी कविता शिकवाव्यात, त्याने भाषा गोड होते, मन हळवं होतं, असं जे कोणी सांगतात त्यांच्या घरी एक तर मुलं नसावीत. किंवा असली तर ती जळगावात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता कूलरसमोरच्या एकाच सतरंजीवर, तुझा पाय माझ्या अंगाला लागला यावरून भांडत नसावीत. मी सहा आठवडे हा उद्योग केला. मराठीत एम.ए. आहे, लग्नाआधी धुळ्यात दोन वर्षं क्लासमध्ये शिकवलंय, त्यामुळे आपल्याला हे सहज जमेल अशी माझी खात्री होती. दुसऱ्यांची चाळीस मुलं वेगळी आणि पोटच्या दोन पोरी वेगळ्या, हे एम.ए.ला शिकवत नाहीत.

याचं मूळ माझ्या सासूबाईंपाशी होतं. गावात लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणायचे. राहायच्या गावीच, पण डॉक्टरला दाखवायला म्हणून दर महिन्याला आठ-दहा दिवस आमच्याकडे जळगावला यायच्या. शिक्षण चौथीपर्यंत. एरवी फारसं काही वाचायच्या नाहीत, पण लग्नपत्रिका आली की चष्मा लावून, एकेका नावाखाली बोट ठेवून अख्खी पत्रिका वाचून काढायच्या. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी एका कोपऱ्यात असतात आणि बाकी सगळी जागा भाऊबंदांच्या नावांना. त्यात आपलं आणि आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नाव सापडेपर्यंत अक्का चहाला हात लावत नसत.

दीड वर्षापूर्वी अशीच एक पत्रिका आली आणि त्यांनी ती माझ्या थोरलीच्या हातात दिली. वाच म्हणाल्या. थोरली तेव्हा तिसरीत, इंग्रजी शाळेत. ती पहिल्याच ओळीत अडकली. मग तिने पत्रिका उलटून मागे इंग्रजीत काही आहे का ते पाहिलं.

इंग्रजी शाळेचा हट्ट माझा होता. नवरा त्यात पडला नाही, आबा काही बोलले नाहीत, अक्का मात्र उघड विरोधात होत्या. त्यांनी पत्रिका परत घेतली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माह्या नाती माहं नाव तरी वाचतीन का?"

मी भाकरी थापत होते. तवा तापलेला, मीही तापलेली. मी म्हणाले, इंग्रजीत लिहिलं तर वाचतील.

अक्कांनी पत्रिकेची घडी घालून पिशवीत ठेवली. पुढच्या वैशाखात त्या झोपेतच गेल्या. सासू-सुनेत वर्षानुवर्षं शंभर गोष्टी बोलल्या जातात आणि विसरल्याही जातात, पण हे एक वाक्य काही माझ्या मनातून जाईना. म्हणून वर्षश्राद्धाचा दिवस ठरला तेव्हा मी ठरवलं की त्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर माझ्या मुली आजीवर स्वतः केलेली, स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेली कविता वाचतील. अक्कांना द्यायचं खरं उत्तर ते. आणि खोटं कशाला बोलू, थोडं नणंदेलाही. नवऱ्याची ही मोठी बहीण जामनेरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची दोन्ही मुलं मराठी शाळेत शिकून चांगली निघाली, आणि हे ती मला दर दिवाळीला न चुकता सांगते.

नवरा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. शिफ्ट करून आला होता, तेव्हाच त्याला बेत सांगितला. तो म्हणाला, मोबाइलवर शोध, दोन मिनिटांत तयार कविता मिळेल. एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून झोपला. म्हणजे हे काम माझं एकटीचं, हे त्याच दिवशी ठरलं.

थोरली नऊ वर्षांची आणि आज्ञाधारक. आज्ञाधारक मुलांचा कवितेला काडीचा उपयोग नसतो. आजीवर लिही म्हटल्यावर तिने दहा मिनिटांत लिहून वाचून दाखवलं:

आजी माझी छान छान,
पिकले केस, पिकलं पान.
रोज सांगते गोष्ट मला,
आवडते मी आजीला.

मी विचारलं, आजीने तुला कधी गोष्ट सांगितली? नाही म्हणाली. आजीचे केस पिकलेले कधी पाहिलेस? तेही नाही, कारण अक्का दर महिन्याला काळी मेंदी लावायच्या आणि तो वाडगा मीच धुवायचे. मग हे आणलं कुठून? तर म्हणाली, "आजीची कविता अशीच असते ना, मम्मी."

मी तिला समजावलं. खरी आजी आठव. कशी बसायची, काय बोलायची, तुला कशावरून रागवायची. थोरली बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि म्हणाली, रागवायची ते लिहिलं तर आत्याला वाईट वाटेल. नऊ वर्षांच्या मुलीत इतका पोक्तपणा पाहून मला कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, ही मोठी झाल्यावर सत्काराची मानपत्रं लिहील. दुसऱ्या खेपेला आजी चांदोबा झाली, तिसऱ्या खेपेला फुलबाग, चौथ्या खेपेला दुधावरची साय. लहान पोरांच्या पुस्तकातलं जेवढं म्हणून गोड होतं तेवढं तिने अक्कांना चिकटवलं, आणि खऱ्या अक्का जवळपासही फिरकल्या नाहीत.

धाकटीची तऱ्हा निराळी. ती सहा वर्षांची. एकेक अक्षर ओळखायची, पण दोन अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की तिला तहान लागायची. तीन ठेवली की शू. त्यामुळे तिने तोंडी सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं असं ठरलं. तिच्याकडे कवितांना तोटा नव्हता. घोटाळा दुसराच होता. मार्चमध्ये धुळ्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं होतं. तिथे नवरीला दारात अडवून नाव घ्यायला लावलं, मग नवऱ्याला घास भरवताना लावलं, मग म्हाताऱ्यांना ऐकू आलं नाही म्हणून परत एकदा. आमची धाकटी हे सगळं उंबऱ्याला चिकटून डोळे फाडून बघत होती. तिच्या डोक्यात पक्कं बसलं की यमक जुळवून बोलायचं ते नाव घेण्यासाठीच, आणि शेवटी नाव घेतलं नाही तर घरात घेत नाहीत.

तिची पहिली कविता अशी:

कूलरमध्ये पाणी, पाण्यात माशी,
कूलरचं नाव घेते मम्मीच्या पाशी.

मी हसले, ही माझी चूक. पुढचे दहा दिवस तिने भेंडीचं नाव घेतलं, स्कूटरचं घेतलं, रसवंतीच्या मशीनचं घेतलं, पाण्याच्या टाकीचंही घेतलं. मी सांगून थकले की अगं, तो उखाणा. कवितेच्या शेवटी नाव घ्यायचं नसतं. तिने अगदी गंभीर तोंडाने मला विचारलं, "मग पुरी झाली ते कसं कळणार?"

मी तिला पाणी पिऊन ये म्हणाले.

हे सगळं आबांच्या कानावर जात होतं. अक्का गेल्यापासून आबा आमच्याकडे जळगावात, पिंप्राळ्याला असतात. केळीचा बाग पुतण्याच्या हवाली केला आणि एक पिशवी घेऊन आले. गॅलरीत कूलरच्या मागच्या बाजूला त्यांची खुर्ची, म्हणजे गरम हवेत. तिथून उठवलं तरी परत तिथेच जाऊन बसायचे. त्यांच्या काळातल्या पुरुषांसारखं त्यांनीही बायकोला उभ्या जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. 'अय' म्हणायचे, फार तर 'ऐकलं का'. आणि अक्का गेल्यावर वर्षभरात त्यांच्याविषयी एक शब्दही काढला नाही. चहा दिला की पितात, ताट वाढलं की जेवतात. नवरा म्हणायचा, बोलतील हळूहळू. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे. मला तर त्यांच्या गप्प बसण्याचा रागच यायचा. वाटायचं, रडा, भांडा, भाजी खारट झाली म्हणा, पण काहीतरी म्हणा.

एके दिवशी धाकटी म्हणाली, माझ्याकडे आजीची कविता आहे. मी वही ओढली. पण ती सांगायलाच तयार नाही. म्हणे ती अजून पुरी झालेली नाही, शेवटी आजीचं नाव घ्यायचंय. थोरलीने नाव सांगायला तोंड उघडलं तर हिने दोन्ही हातांनी कान गच्च दाबून घेतले. "तू नाही घ्यायचं. नवऱ्यानं घ्यायचं असतं. आबा घेतील."

मी काही म्हणायच्या आत ती गॅलरीत पोचली होती. आबा, आजीचं नाव घ्या ना, एकदाच घ्या ना, असं तिचं सुरू झालं. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या मायले विचार." मग चपला पायात सरकवल्या आणि त्या उन्हात जिना उतरून गेले. टोपी घरातच राहिली. तासाभराने परत आले तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. मी धाकटीच्या पाठीत धपाटा घातला. माझा राग तिच्यावर होता की उन्हावर की सगळ्या जगावर, ते मला अजून कळलेलं नाही. ती रडत रडत एवढंच म्हणत होती की आता पुरी कशी होणार.

मे उजाडला. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं आणि माझ्या हाती आजी चांदोबा, आजी फुलबाग आणि रसवंतीचं मशीन एवढाच माल होता. थोरलीने पाचवी कविता वाचून दाखवली. तिच्यात आजी देवाघरी जाऊन चांदणी झाली होती. मी तिच्या हातातला कागद ओढून टराटरा फाडला. असं करू नये हे मला कळतं. मी क्लासमध्ये दुसऱ्यांच्या मुलांचा कागद कधी फाडला नाही. थोरली रडली नाही. तुकडे गोळा करून डब्यात टाकून आली आणि म्हणाली, "मग तूच लिही ना, मम्मी."

मी लिहिली. दुपारभर बसून लिहिली. तिच्यात सावली होती, माउली होती, पाऊलखुणा होत्या, शेवटच्या कडव्यात डोळे पाणावतील अशी सोय होती. वृत्त चोख. थोरलीला म्हटलं, मी स्वयंपाकघरातून सांगते, तू तुझ्या अक्षरात उतरवून घे आणि नीट वाचायचा सराव कर. तिने दोन दिवसांत अशी वाचून दाखवली की मला भरून आलं. स्वतःच लिहिलेल्या कवितेने भरून येणं म्हणजे हद्दच झाली, पण आलं.

वर्षश्राद्ध गावी, जामनेरजवळच्या घरी होतं. अंगणात मंडप, ओट्यावर अक्कांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स, खाली वीतभर उंचीच्या अक्षरांत त्यांचं नाव. अक्कांनी तो पाहिला असता तर आधी फोटो कोणी निवडला म्हणून भांडल्या असत्या. विधी उरकले, जेवणाला थोडा वेळ होता. सगळे ओट्यावर आणि मंडपात बसले होते. नवऱ्याने सांगितलं की नातीने आजीवर कविता केली आहे. केली आहे, असंच म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

थोरलीने कविता वाचली. कुठेही न अडखळता, जागच्या जागी थांबत. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. नणंदही रडली आणि तिने पोरीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि अक्षर बघावं म्हणून तिच्या हातातला कागद घेतला.

मी शेजारीच होते, म्हणून मलाही दिसला. कविता मराठी होती आणि अक्षरं इंग्रजी. सावली, माउली, पाऊलखुणा, सगळं इंग्रजी अक्षरांत, वळणदार, सुबक. पोरीने सोयीसाठी तसं उतरवून घेतलं होतं, आणि सहा आठवड्यांत एकदाही तिचा कागद बघायची बुद्धी मला झाली नव्हती.

नणंद मराठी शाळेतली असली तरी इंग्रजी अक्षरं तिला वाचता येतात. तिने शेवटपर्यंत नजर फिरवली, कागदाची घडी घातली आणि हळूच विचारलं, "फार छान आहे. कोणी लिहिली गं?"

"मम्मीनी," थोरली म्हणाली. आज्ञाधारक मूल ते.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते त्या ओट्यावर मला कळलं. चुलतसासऱ्यांनी घसा खाकरला. कोणीतरी पानं मांडायला घ्या म्हणालं. अक्कांना मी दुसऱ्यांदा तेच उत्तर दिलं होतं, आणि या वेळी तर अख्ख्या गावासमोर. मला रडू येत होतं, पण रडले असते तर सगळ्यांना वाटलं असतं की कवितेमुळे रडते आहे.

तेवढ्यात धाकटी फ्लेक्सजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली. "माझी पण आहे," म्हणाली. मी दबक्या आवाजात खाली बस म्हणाले. तिने सुरुवात करून टाकली होती.

आजी चप्पल उशीखाली ठेवायची,
कोणी घालून जाईल म्हणायची.
आजी मला चोरटी म्हणायची,
गुळाचा खडा माझ्याकडून मागायची.
मी दिला की पटकन खायची,
तुझ्या मायले सांगू नको म्हणायची.

आधी चुलतसासूबाई हसल्या. मग सगळा मंडप हसायला लागला. उशीखालची चप्पल सगळ्यांना ठाऊक होती. गूळ मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. अक्कांना शुगर होती. मी गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवायचे आणि तो कमी कसा होतो म्हणून दोन वर्षं मुंग्यांना शिव्या घालत होते. नणंद हसतही होती आणि डोळेही पुसत होती. "अक्का अशीच होती," म्हणाली.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि तिथेच फसले. धाकटी खुर्चीवरून उतरली नव्हती. ती मंडपाच्या त्या टोकाला बसलेल्या आबांकडे बघत होती. "आता आबा नाव घेतील," तिने जाहीर केलं.

हसणं बंद झालं. श्राद्धाच्या दिवशी उखाणा. मंगलकार्यात घ्यायची गोष्ट या पोरीने इथे आणली. एक म्हातारी म्हणाली की हे काय ठिकाण आहे का, पोरीला कोणी काही शिकवलंय की नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तिला ओढून खाली उतरवायला उठले. तिचा दंड धरला तेव्हा आबांचा आवाज आला.

"राहू दे तिले."

आबा उठले होते. टोपी नीट केली. फ्लेक्सकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. खाली मांडवाच्या खांबाकडे बघत, बाजारातला केळीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाले, "घड गेला गाडीत, खोड राह्यलं वावरात."

मग थांबले. इतका वेळ थांबले की नवरा त्यांना धरायला पुढे झाला. त्यांनी हाताने त्याला अडवलं. आणि पन्नास वर्षांत जे कधी तोंडातून काढलं नव्हतं ते अक्कांचं नाव घेतलं. "नाव घेतो भरल्या घरात," एवढं शेवटचं पुरं केलं आणि खाली बसले. मग रडले. मोठ्याने, लाज न बाळगता रडले. नणंद त्यांच्यापाशी जाऊन बसली. कोणी त्यांना उगी म्हणालं नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. सासूचं नाव मीही कधी घेतलेलं नाही.

धाकटीचं मात्र समाधान झालं होतं. कविता पुरी झाली. ती आता खुर्चीवर वळून ओट्यावरच्या फ्लेक्सकडे बघत होती. खुर्चीवरून तिचा हात अक्षरांपर्यंत पोचत होता. तिने पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं, पत्रिका वाचताना अक्का ठेवायच्या तसंच, आणि ते म्हणाली. मग दुसरं. मग तिसरं. मग तिन्ही जोडून, जोरात, आबांनी घेतलं होतं तसंच्या तसं. तहान लागली नाही की काही नाही.

मी तिथेच उभी होते, तिचा दंड धरलेला हात अजून तसाच होता. वाचलं होतं. अक्कांचं नाव त्यांच्या नातीने मराठीत वाचलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ज्यांना सांगायचं त्या फोटोत होत्या.

नणंदेने डोळे पुसत तिला विचारलं, "अगं, वाचता येतं की तुला. कोणी शिकवलं?"

सहा आठवडे. ती सतरंजी, तो कूलर, ती फाडलेली कविता, तो धपाटा. मी धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आबांनी," ती म्हणाली.

मी पानं मांडायला आत गेले.